देवाच्या रानात माणसाचे कर्तव्य

द्वादश ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसले आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे येणारा भाविक वाहनातून उतरतो, पायऱ्या उतरून मंदिरात जातो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परततो. आपण एका ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन आलो, एवढे त्यास पक्के ठाऊक असते. आपण एका अभयारण्यातून जाऊन आलो, हे मात्र अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले येथील सुमारे १३० चौरस किलोमीटरचे वनक्षेत्र शासनाने १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित केले. मंदिर त्याच्या कुशीत आहे. म्हणजे येथे देवाच्या दारी जाणारा प्रत्येक जण आधी अरण्याच्या दारातून आत येतो. त्या अरण्याविषयी त्याचे काही कर्तव्य आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या अरण्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, उंबर अशा वृक्षांचे हे सदाहरित व निमसदाहरित वन आहे. वर्षाकाठी येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चारच महिन्यांत कोसळतो. एवढे पाणी उतारावरून वाहून जाताना माती धरून ठेवण्याचे काम झाडांची मुळे आणि जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर करतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. पावसाळी रात्री कुजलेल्या लाकडावर मंद हिरवट प्रकाश देणारी बुरशी येथे आढळते. आणि या वनाचे भूषण म्हणजे शेकरू. तांबूस-तपकिरी अंगाची, झुबकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तिचे बहुतेक सारे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर झेप घेत ती रानभर फिरते, काटक्या व पाने रचून उंचावर घरटी बांधते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. मध्ये एखादा रस्ता रुंद झाला, चार झाडे गेली, की फांद्यांची ही साखळी तुटते. माणसाच्या दृष्टीने तो दहा-वीस पावलांचा प्रश्न असतो. शेकरूच्या दृष्टीने रानाचे दोन तुकडे झालेले असतात.

या रानात येणारी माणसे स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. एक भाविक, दुसरे सहलकरी. महाशिवरात्रीला आणि श्रावणात भाविकांची गर्दी लोटते. पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, कर्जतकडून खांडस गावी येऊन गणेश घाटाने किंवा अवघड अशा शिडी घाटाने डोंगर चढणारे तरुण येतात. कोणी नागफणीच्या कड्यावरून कोकण पाहण्यास येतात, तर कोणी नुसतेच धुक्यात भिजण्यास येतात. भाविकांच्या मनात या दुसऱ्या वर्गाविषयी थोडी अढी असते. ही मंडळी मौजेसाठी आली, आपण देवासाठी आलो, असे बोलणे रांगेत ऐकू येते. सहलकऱ्यांचेही म्हणणे असतेच: आम्ही पाठीवर ओझे घेऊन पायी येतो, निसर्गावर आमचे प्रेम आहे, घाण होते ती जत्रेने. दोन्ही पक्षांना आपला हेतू शुद्ध वाटतो आणि दोष पलीकडे दिसतो.

आता हेतूचा विचार करू. आपल्या धर्मपरंपरेत भावाला फार मोठे स्थान आहे. भक्तीने वाहिलेले एक पान देवास राजोपचारांहून प्रिय होते, अशी शिकवण गीतेपासून संतवाङ्मयापर्यंत सर्वत्र आहे, आणि ती खरीच आहे. मग असे म्हणता येईल काय, की भक्तिभावाने आलेल्या मनुष्याच्या हातून पडलेली प्लास्टिकची पिशवी आणि मौजेसाठी आलेल्याच्या हातून पडलेली पिशवी यांत काही अंतर आहे? थोडा विचार केला तर ध्यानात येते, की भाव हा भक्त आणि देव यांच्यातील व्यवहार आहे. पिशवी आणि माती यांच्यातील व्यवहारात भावाला प्रवेश नाही. पिशवी ज्या ओढ्यात अडकते त्या ओढ्याला ती कोणी, कोणत्या मनाने टाकली हे कळत नाही. वानर ती चघळते तेव्हा तिला प्रसादाचा वास येतो की वेफर्सचा, एवढाच काय तो फरक. तेव्हा ‘माझा हेतू पवित्र आहे’ हे विधान देवापुढे करावे. रानापुढे ते गैरलागू आहे. किंबहुना भाविकावर दायित्व थोडे अधिकच येते. सहलकरी रानाला केवळ सुंदर मानतो. भाविक त्याला देवाचे मानतो. ज्याची वस्तू आहे त्याचे नाव ठाऊक असूनही तिची नासाडी करणाऱ्याला अजाणतेपणाची सबब उरत नाही.

इथवर फारसा मतभेद होणार नाही. खरी अडचण पुढे आहे, आणि ती सोपी नाही. एका माणसाच्या येण्याने या रानाचे काय बिघडते? काहीच नाही. तो एक ओंजळ पाणी पितो, शंभर पावले पायवाट सोडून चालतो, फुलझाडाची एक फांदी मोडतो, एकदा मोठ्याने हाक मारतो. त्याचा हिशेब केला तर तो शून्याजवळ येतो. पण असे शून्याजवळचे हिशेब हजारोंनी एकत्र आले की पायवाटेची पाणंद होते, उताराची माती सुटते, झरा गढूळ होतो, पक्षी ती जागा सोडून जातात. नुकसान तर उघड दिसते. मात्र ते कोणी केले असे विचारले तर बोट दाखवावे असा एकही माणूस सापडत नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी असे काय केले? आणि तो खोटे बोलत नसतो. त्यातही श्रावणातील गर्दी नेमकी अशा वेळी येते, की जेव्हा जमीन सर्वांत भिजलेली, मऊ आणि अंकुरांनी भरलेली असते. उन्हाळ्यात जे पाऊल निरुपद्रवी असते तेच या दिवसांत खोल रुतते.

कर्मसिद्धांतापुढे येथे एक पेच उभा राहतो. कर्म ज्याचे त्याचे, फळही ज्याचे त्याचे, असे आपण मानतो. पण ज्या कर्मात कर्ता प्रत्येक जण आहे आणि कोणीच नाही, त्याचे फळ कोणाच्या खात्यात जमा होणार? शेकरू, झरा आणि पुढची पिढी यांनी ते भोगायचे, असा जर निकाल लागत असेल, तर ‘ज्याचे त्याला’ हा न्याय राहिला कोठे? जुन्या शास्त्रकारांसमोर हा प्रश्न या रूपात आला नसावा, कारण तेव्हा गर्दीचे मान निराळे होते. तथापि त्यांनी त्याची चाहूल घेतली होती, असे काही नियमांवरून वाटते. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. म्हणजे गृहस्थाने आपल्या घासातील काही भाग रोज इतर जीवांसाठी काढून ठेवावयाचा. कोणत्या जीवाचे मी नेमके काय नुकसान केले, हे सिद्ध होण्याची वाट तेथे पाहिलेली नाही. जगणे म्हणजेच काही घेणे, आणि घेणे म्हणजे ऋण, असे गृहीत धरून फेड सुरू करावयाची आहे. दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा ऋण कोणाचे हे मान्य करणे या पेचातून वाट काढण्यास अधिक उपयोगी पडते. ऋणात वाटेकरी कितीही असोत, आपला वाटा टळत नाही.

बेलाचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. शंकराला बेल प्रिय, आणि सोमवार शंकराचा. असे असूनही सोमवारी बेल तोडू नये, आदल्या दिवशी तोडलेला वाहावा, असा परंपरेचा दंडक आहे. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या आणि संक्रांत या दिवशीही बेल तोडणे निषिद्ध मानले आहे. एवढेच नव्हे, तर बेल शिळा होत नाही, ताजा न मिळाल्यास वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहावा, अशीही मुभा आहे. ज्या दिवशी मागणी सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवशी झाडाला हात लावावयाचा नाही, हा नियम विचार करण्यासारखा आहे. यावर कोणी म्हणेल, की रविवारी तोडून ठेवला तर झाडाची पाने तितकीच गेली. मग उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. पण आदल्या दिवशी तोडावयाचा म्हटले की किती लागेल याचा अंदाज घ्यावा लागतो, हात आवरता राहतो, आणि तीच पाने पुन्हा चालतात म्हटल्यावर ढीग करण्याचे कारण उरत नाही. आज मात्र बेलाच्या पाट्या विकत मिळतात आणि अर्ध्या तासापूर्वी वाहिलेला बेल निर्माल्य होऊन जातो. पूजा वाढली, नियम मागे पडला.

नियमांचा विषय निघाला की देवराईचे नाव घ्यावेच लागते. देवाच्या नावाने राखलेल्या रानांची परंपरा सह्याद्रीत मोठी आहे. भीमाशंकरच्या परिसरातही अशा राया आहेत. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. कडक नियमाच्या राईत वाळलेली काटकीदेखील उचलत नसत. मंदिराच्या दुरुस्तीला लाकूड हवे असेल तर देवाला कौल लावून विचारत. आधुनिक मनाला वाटते, की हे सारे भीतीपोटी होते. देव कोपेल म्हणून माणूस काटकी उचलत नव्हता, त्यात नीती कसली? या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. एखादा मनुष्य तुरुंगाच्या भीतीने चोरी करीत नसेल तर त्यास साधू म्हणता येत नाही हे खरे. परंतु घरातील वस्तू जागेवर राहतात हेही खरे. रानाच्या बाजूने पाहिले तर भीतीने राखलेले आणि प्रेमाने राखलेले झाड सारखेच सावली देते. अडचण एवढीच, की भीती गेली की राखण जाते. रस्ता आला, शाळा आली, लाकडाला भाव आला आणि कित्येक ठिकाणी राईतील देव शाबूत राहिला, वर चांगले सिमेंटचे मंदिरही झाले, पण राई गेली. भीतीच्या जागी विवेक यावयास हवा होता. तो येण्याआधीच कुऱ्हाड आली.

देवराईची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे संयम कोण पाळीत होते? ज्यांना चुलीला लाकूड हवे होते, गुरांना चारा हवा होता, तेच गावकरी. त्यांचा त्याग खरा होता, कारण त्यांची गरज खरी होती. अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी. सामाईक वस्तूची धूळधाण होणे अटळ नाही. ती वापरणारे लोकच नियम करतात आणि एकमेकांवर नजर ठेवतात तेथे ती टिकते, असे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखविले. सह्याद्रीतील गावांना हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र आज चित्र पालटले आहे. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या महादेव कोळी समाज राहतो. पावसावर पिकणारा भात, नाचणी आणि रानातील हिरडा यांवर त्यांचे घर चालते. उन्हाळ्यात कोवळा हिरडा गोळा करून, वाळवून विकणे हे येथील अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. डिंभे धरणात काही आदिवासी गावांची जमीन गेली. अभयारण्य झाल्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे परंपरागत अधिकार पुन्हा मान्य केले, पण हक्क कागदावर येणे आणि हाती येणे यांत अंतर असते. अशा स्थितीत रान राखण्यासाठी मोळी आणू नकोस, गुरे चारू नकोस, असे त्यांना सांगितले जाते. आणि शहरातून आलेला पाहुणा, मग तो भाविक असो वा सहलकरी, काय सोडतो? तो मोळी नेत नाही हे खरे. पण त्याला मोळीची गरजच नसते. त्याच्या घरी गॅस असतो. त्याची न्याहारी ज्या चुलीवर होते तिचे लाकूड कोठून आले, हे तो विचारीत नाही. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने गरज सोडावी आणि ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याने मौजही सोडू नये, अशी वाटणी कोणत्याही धर्मात बसणारी नाही.

‘अभयारण्य’ हा शब्द किती सुंदर आहे! जेथे भय नाही असे अरण्य. शब्द करणाऱ्यांच्या मनात वन्य जीव होते. पण वनखात्याची नोटीस वाचणाऱ्या म्हाताऱ्या आदिवासी बाईला तो शब्द कसा ऐकू येत असेल, याचाही विचार व्हावा. अर्थात यावर ‘मग पाहुण्यांनी येऊच नये’ हे उत्तर नव्हे. पाहुणा आला म्हणून चहाची टपरी चालते, घरगुती जेवण विकले जाते, डोली उचलणाऱ्याला मजुरी मिळते, वाट दाखवणाऱ्या पोराच्या हाती चार पैसे पडतात. गर्दीने रान झिजते आणि त्याच गर्दीवर रानातील माणूस जगतो. हा गुंता एका वाक्यात सोडविणाऱ्याने तो नीट पाहिलेला नसतो.

‘आम्ही काही नेत नाही, फक्त पाहतो’ असे सहलकरी म्हणतात, तेही तपासून पाहिले पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनच्या सुमारास सह्याद्रीतील रानांत काजवे चमकतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, ते पाहण्यास अलीकडे इतकी गर्दी होऊ लागली, की वनखात्याला निर्बंध घालावे लागले. काजव्याचा प्रकाश ही जोडीदारासाठी दिलेली खूण आहे. वाहनांच्या दिव्यांत आणि विजेरीच्या झोतात ती खूण दिसेनाशी होते. गवतात विसावलेले काजवे पायाखाली जातात. सौंदर्य पाहण्यास आलेला माणूस ते पाहूनच नाहीसे करतो. योगशास्त्रात अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन यम वेगळे सांगितले आहेत. दुसऱ्याचे न घेणे हे अस्तेय. गरजेपेक्षा अधिक न साठवणे हा अपरिग्रह. काजव्यांच्या रानात शिरलेला मनुष्य चोरी करीत नाही हे खरे. पण डोळ्यांचाही परिग्रह असतो. सगळे पाहिलेच पाहिजे, जवळून पाहिले पाहिजे, छायाचित्र घेतलेच पाहिजे, ही साठवणीचीच हाव आहे.

भाविकाच्या बाजूला याचेच दुसरे रूप म्हणजे सोय. जुन्या काळी यात्रा पायी होत असे. उपवास, मोजके सामान, ओळखीच्या वाटा हे तिचे अंग होते. त्या कष्टांमुळे गर्दीला आपोआप माप लागत असे. आज वाहन मंदिराच्या जितके जवळ जाईल तितके हवे असते. मात्र येथे कठोर होताना जपले पाहिजे. ऐंशी वर्षांची वृद्धा, पाय अधू झालेला मनुष्य, नुकत्याच मोठ्या आजारातून उठलेली बाई, यांनी आयुष्यभर ज्या दर्शनाची आस धरली ते दर्शन शेकरूसाठी त्यांना नाकारावे काय? असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही, आणि करू नये. रस्ता त्यांच्यासाठी दया आहे. पण त्या वृद्धेचे नाव पुढे करून धडधाकट माणसे सोयीवर सोय मागतात, हेही तितकेच खरे. जे अशक्तांसाठी केले त्याचा उपभोग सशक्तांनी घेतला की रस्ता कितीही रुंद केला तरी अपुराच पडतो. ज्याला चालता येते त्याने अलीकडे उतरून चालावे, सार्वजनिक बसने यावे, गर्दीचा सोमवार टाळून साध्या वारी यावे. दर्शनाला यामुळे उणेपणा येत नाही. श्रावणी सोमवारचे पुण्य अधिक, अशी ज्याची श्रद्धा असेल त्याच्याशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही; मात्र त्या दिवशीचे ऋणही अधिक असते, एवढे त्याने ध्यानात घ्यावे.

त्रिपुरासुराच्या वधानंतर शंकर येथे विसावले आणि त्यांच्या अंगाच्या घामातून भीमा नदी उगम पावली, अशी आख्यायिका सांगतात. ही नदी येथून सुमारे ८६० किलोमीटर वाहत जाऊन कर्नाटकात कृष्णेस मिळते. वाटेत चासकमान आणि उजनीची धरणे तिच्यावर उभी आहेत. पंढरपुरी ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. तिच्या पाण्यात मिसळणारी घाण मुख्यतः खालच्या शहरांची आणि कारखान्यांची आहे, उगमापाशी हात धुणाऱ्या भाविकाची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही वाळवंटात उभा राहून ते पाणी तोंडात घेणारा वारकरी आणि येथे कुंडाच्या काठी साबणाची वडी विसरून जाणारा यात्रेकरू एकाच प्रवाहाच्या दोन टोकांना असतात.

पावसाळ्यात सायंकाळी शेवटची गाडी घाट उतरते, दुकानांच्या फळ्या लागतात आणि गुप्त भीमाशंकराकडे जाणारी वाट सुनी होते. दिवसभराच्या पावलांनी ती चिखलाने भरलेली असते. वाट सोडून कोणी आत शिरले नसेल तर त्या बाजूचा पडलेला ओंडका तसाच कुजत पडलेला असतो, आणि अंधार दाटल्यावर त्याच्यावर ती हिरवट बुरशी उजळू लागते. ती पाहण्यास तेथे कोणी नसते.